साठवणीच्या कृती वजनात छापा

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

परसबागेतला भाजीपाला घरच्या घरी साठवण्याच्या कृती वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आता वरचेवर येऊ लागल्या आहेत. ही फार चांगली गोष्ट आहे. बागेत काकडी, टोमॅटो, घेवडा हंगामात एकदम हाती येतो, आठवडाभरात खाऊन संपत नाही आणि आपण पिकवलेले टाकून देताना जीव तुटतो. पण या कृती बहुधा रोजच्या स्वयंपाकाच्या भाषेत लिहिलेल्या असतात. मूठभर मीठ, थोडे व्हिनेगर, वरून तेलाचा थर, ‘सहा महिने सहज टिकते’. जेवणाच्या भाजीत मीठ कमी पडले तर पानात वरून घेता येते. तीन-चार आठवडे बरणीत राहणाऱ्या कोबीला ती सोय नाही. तिथे मीठ चवीपुरते नसते. कोणत्या जीवाणूंनी वाढायचे आणि कोणत्यांनी नाही, हे ते ठरवते. म्हणून एकच मागणी आहे: साठवणीची कृती छापताना मीठ, आम्ल आणि साखर वजनात किंवा टक्क्यांत द्या, आणि सोबत तापमान, वेळ, बरणीचा आकार, ठेवायची जागा व मुदत द्या. यातले काही देता येत नसेल, तर ती कृती साठवणीची म्हणून छापू नका.

मिठापासून सुरुवात करतो, कारण सर्वांत जास्त घोटाळा तिथेच होतो. २४० मिलीच्या कपात बारीक दाण्याचे मीठ पावणेतीनशे ग्रॅमच्या वर भरते. पातळ पापुद्र्यांचे मीठ त्याच कपात दीडशे ग्रॅमलाही पोहोचत नाही. म्हणजे ‘अर्धा कप मीठ’ लिहिले, तर एका घरात दुसऱ्या घराच्या दुप्पट मीठ पडू शकते, आणि दोघांनीही कृती तंतोतंत पाळलेली असते. ग्रॅम लिहिले की हा प्रश्नच उरत नाही. एका ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा साधा काटा पुरतो.

आंबवलेला कोबी घ्या. वरची खराब पाने आणि दांडा काढून, चिरून झाल्यावर वजन करायचे, आधी नाही. एक किलो चिरलेल्या कोबीला २० ते २५ ग्रॅम मीठ, म्हणजे दोन ते अडीच टक्के. मीठ सगळीकडे सारखे लागेल असे हाताने चोळायचे आणि कोबीला स्वतःचे पाणी सुटेपर्यंत थांबायचे. मग बरणीत थोडा थोडा दाबत भरायचा, मध्ये हवा राहू द्यायची नाही. वर वजन ठेवून कोबी पाण्याखाली दोन-तीन सेंटिमीटर बुडलेला राहिला पाहिजे. सुटलेले पाणी कमी पडले, तर लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम मीठ उकळून, पूर्ण गार करून ते वर घालावे. नुसते पाणी घालू नये. बरणीच्या तोंडाशी चार-पाच सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी आणि झाकण सैल ठेवावे, कारण पहिल्या काही दिवसांत भरपूर कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्या वेळी ल्युकोनोस्टॉक जातीचे जीवाणू कामावर असतात. आम्ल वाढत गेले की ते मागे पडतात आणि लॅक्टोबॅसिलस गटातले, जास्त आम्ल सोसणारे जीवाणू पुढचे काम उरकतात. बुडबुडे थांबले म्हणजे आंबवण झाले, असा समज बऱ्याच कृतींत दिसतो. तो चुकीचा आहे. बुडबुडे थांबतात तेव्हा पहिला टप्पा संपलेला असतो.

तापमान २१ ते २४ अंश सेल्सिअस असेल, तर तीन ते चार आठवडे लागतात. १६ ते १८ अंशांना पाच-सहा आठवडे. २४च्या वर गेले की आंबवण घाईने होते आणि कोबी लिबलिबीत होतो. १६च्या खाली ते नीट होईलच असे नाही. आता विचार करा, ‘दहा दिवस ठेवा’ एवढेच छापलेली कृती थंड आणि उष्ण जागच्या वाचकांना एकच उत्तर देते. ते निदान एकाला तरी चुकीचेच ठरणार.

मीठ कमी पडले तर कोबी मऊ पडतो आणि कुजका वास येतो. जास्त पडले, किंवा एका जागी गोळा झाले, तर सुरुवातीचे उपयोगी जीवाणू दबतात आणि मीठ सोसणारे यीस्ट वाढून कोबी गुलाबी होतो. गुलाबी झालेला कोबी टाकून द्यावा. वर पांढरी, सपाट, सुरकुतलेली साय आली, तर ते बहुधा यीस्ट असते. ती अलगद काढावी, वजन धुऊन परत ठेवावे आणि कोबी पुन्हा पाण्याखाली दाबावा. केसाळ, हिरवी, काळी किंवा रंगीत बुरशी मात्र वरवर काढून उरलेले खाऊ नये. बुरशी आणि यीस्ट आम्ल खाऊन टाकतात, त्यामुळे सामू, म्हणजे पीएचचा आकडा (आम्ल जितके जास्त तितका तो कमी), वर चढतो आणि आम्लाने अडवून ठेवलेल्या जीवाणूंना वाट मोकळी होते. साय आली की लगेच काढायची ती याच कारणाने, नुसत्या दिसण्यासाठी नाही.

मिठाच्या पाण्यात बुडवून आंबवायच्या भाज्यांचा हिशेब वेगळा आहे, आणि छापील कृतींत तो सर्रास चुकलेला असतो. समजा एक किलो गाजर आणि एक लिटर पाणी आहे. ‘तीन टक्के मिठाचे पाणी’ म्हणून पाण्यात ३० ग्रॅम मीठ घातले. गाजर स्वतःच जवळजवळ नव्वद टक्के पाणी असते. काही दिवसांत मीठ बाहेर आणि आत सारखे पसरते, आणि बरणीत खरे मीठ दीड टक्क्याच्या आसपासच उरते. तीन टक्के हवे असेल तर पाणी आणि भाजी मिळून दोन किलोवर हिशेब करायचा, म्हणजे ६० ग्रॅम. काकडीला त्याहून थोडे जास्त लागते, एकूण वजनाच्या साडेतीन ते पाच टक्के, कारण ती लवकर मऊ पडते. काकडीच्या फुलाकडच्या टोकात पेशींना जोडणारे पेक्टिन विरघळवणारी विकरे, म्हणजे एन्झाइम्स, असतात. तिकडून दोन-तीन मिलिमीटरची चकती कापून टाकली नाही, तर मीठ अचूक असूनही काकडी पिचपिचीत होऊ शकते. कोणते टोक फुलाचे हे कळत नसेल तर दोन्हीकडून कापावे. काकडी तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत बरणीत गेली पाहिजे, हेही कृतीतच लिहायला हवे. बागेतल्या माणसाला ते सहज जमते. त्याचा खरा फायदा तोच आहे.

आता व्हिनेगर. आंबवण्यात आम्ल बरणीतच तयार होते, व्हिनेगरच्या लोणच्यात ते आपण बाहेरून घालतो. त्यामुळे किती घातले यावरच सगळे अवलंबून असते. घरगुती साठवणीच्या तपासलेल्या कृती ५ टक्के आम्लता धरून बेतलेल्या असतात, आणि साधारण नियम असा की व्हिनेगरइतक्याच पाण्यापेक्षा जास्त पाणी मिसळू नये. बाटलीवर ४ टक्के लिहिलेले असेल तर ती या कामासाठी नको. घरी बनवलेले व्हिनेगर कोशिंबिरीला उत्तम, पण बाहेर टिकवायच्या बरणीला नाही, कारण त्याची आम्लता मोजलेली नसते. इथे एक सल्ला हमखास दिला जातो: सामूची पट्टी बुडवून बघा. त्याने हा प्रश्न सुटत नाही. व्हिनेगरमधले अॅसिटिक आम्ल सौम्य आहे, त्यामुळे ४ टक्के आणि ५ टक्के व्हिनेगरच्या सामूत जेमतेम अर्ध्या दशांशाचा, म्हणजे ०.०५चा फरक पडतो. कागदी पट्टीला तो दिसतच नाही. भाजीत शिरल्यावर मात्र एक पंचमांश आम्ल कमी पडलेले असते. पट्टी उपयोगी पडते ती शेवटी, तयार बरणीतली भाजी वाटून तिचा सामू बघताना, आणि तोही चारच्या खाली अपेक्षित असेल तेव्हाच. चार ते पाचच्या मधल्या आकड्यांसाठी ४ आणि ७ सामूच्या द्रावणांत जुळवून घेतलेले विजेरी मापक हवे.

साठवणीत सगळा भर सामूच्या ४.६ या आकड्यावर का असतो, तेही वाचकाला सांगायला हवे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याचे तग धरून राहणारे सुप्त रूप, मातीत असतात, म्हणून बागेतल्या भाजीवर ते असणारच असे धरून चालावे. धुतल्याने कमी होतात, नाहीसे होत नाहीत. सामू ४.६च्या खाली असला तर ते अंकुरून वाढत नाहीत. त्याच्या वर सामू, हवाबंद जागा, ओलावा आणि घरातले साधे तापमान असे सगळे जुळून आले, की ते वाढतात आणि विष तयार करतात. १८९५ साली बेल्जियममधल्या एलेझेल गावात खारवलेले हॅम खाऊन लोक आजारी पडले आणि काही दगावले, तेव्हा एमिल व्हान एर्मेंगेम यांनी हा जीवाणू पहिल्यांदा वेगळा काढला. पुरेसे मीठ असेल तर विष तयार होत नाही, हेही त्यांनी तेव्हाच नोंदवले. म्हणजे मीठ घातलेले असणे पुरेसे नाही, पुरेसे असणे महत्त्वाचे, ही गोष्ट सव्वाशे वर्षांपासून ठाऊक आहे. या विषाला वास नसतो, चव नसते, पदार्थाचा रंग बदलेलच असे नाही. ‘चाखून बघा, आंबट लागले तर ठीक’ हा सल्ला म्हणूनच घातक आहे.

आणि त्याहून घातक आहे तेलाचा. तेल हवा अडवते, आणि नेमकी अशी हवाबंद जागाच या जीवाणूला लागते. तेलात आम्ल नाही, मीठ विरघळत नाही. लसणाचा सामू साडेपाचच्या आसपास किंवा वर असतो. सोललेला लसूण नुसत्या तेलात बुडवून ओट्यावर ठेवणे म्हणजे वर सांगितलेल्या सगळ्या अटी एका बाटलीत जमवणे. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना बोट्युलिझम, म्हणजे याच विषाची बाधा, झाला होता. तरीही तेलातला लसूण, तेलातल्या ताज्या वनस्पती, तेलातल्या भाजलेल्या मिरच्या यांच्या कृती ‘महिनोन्‌महिने टिकते’ या शब्दांसह छापल्या जातात. छापायच्याच असतील तर एवढे वाक्य हवे: फ्रिजमध्ये ४ अंशांना ठेवा, चार दिवसांत संपवा, उरलेले गोठवा. आधी पुरेसे आंबवलेल्या किंवा व्हिनेगरमध्ये मुरलेल्या भाजीवर तेल घातले तर गोष्ट वेगळी. तिथे रक्षण आम्ल करत असते, तेल नव्हे.

टोमॅटो आंबट लागतो म्हणून त्याला सगळेच सुरक्षित धरतात. प्रत्यक्षात त्याचा सामू साधारण ४.३ ते ४.९ असतो, म्हणजे नेमका सीमेवर. जास्त पिकलेला, रोगट वेलीवरचा किंवा थंडीने करपलेल्या रोपावरचा टोमॅटो वरच्या बाजूला सरकतो. म्हणून बाटलीत भरताना दर लिटरला ३० मिली बाटलीबंद लिंबूरस किंवा अर्धा छोटा चमचा सायट्रिक अॅसिड घालायलाच हवे. ताज्या लिंबाची आम्लता फळागणिक बदलते, म्हणून इथे बाटलीबंद रस, एरवी तो कोणी सुचवणार नाही. आंबट वाटले तर साखर घाला, आम्ल कमी करू नका. कुस्करून गरम केलेला टोमॅटो लिटरच्या बरणीत वर सव्वा सेंटिमीटर जागा सोडून भरला, तर उकळत्या पाण्यात ४५ मिनिटे, अर्ध्या लिटरच्या बरणीत ३५ मिनिटे. पाणी झाकणांच्या वर निदान अडीच सेंटिमीटर असावे आणि वेळ पुन्हा उकळी फुटल्यापासून मोजावी. हे आकडे समुद्रसपाटीपासून ३०० मीटरपर्यंतचे आहेत. दर ३०० मीटरला पाणी सुमारे एक अंश कमी तापमानाला उकळते, म्हणून ३०० ते ९०० मीटर उंचीवर पाच मिनिटे वाढवायची. हा टोमॅटो निव्वळ असावा. त्यात कांदा, लसूण, मिरची घातली की सामू बदलतो आणि ही वेळ लागू होत नाही. गरम रस बरणीत ओतून ती उलटी करून ठेवणे हा शॉर्टकट तर कधीच छापू नये. झाकण घट्ट बसते, पण आतले जीवाणू मरतीलच असे नाही.

घेवडा, मटार, गाजर, मका यांना आम्ल जवळजवळ नसतेच. साध्या उकळत्या पाण्यात बरणी तासन्‌तास ठेवली तरी बीजाणू टिकून राहतात, कारण तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. त्यांना ११६ ते १२१ अंश लागतात, आणि ते बरण्यांसाठी बनवलेल्या मोठ्या दाबपात्रातच हिशेबाने मिळतात. घरातला लहान प्रेशर कुकर त्या तापमानाला पोहोचतही असेल, पण तो झटकन तापतो आणि झटकन निवतो. छापील वेळा मोठ्या पात्राचा तापण्या-निवण्याचा काळही धरून ठरवलेल्या असतात, म्हणून त्या कुकरला लावता येत नाहीत. ज्याच्याकडे तसे पात्र नाही त्याने या भाज्या गोठवाव्यात किंवा वाळवाव्यात. यात कमीपणा काही नाही, आणि चवही चांगली राहते.

गोठवण्याआधी चार लिटर उकळत्या पाण्यात एका वेळी साधारण ४५० ग्रॅम भाजी सोडावी. घेवडा तीन मिनिटे, मटार दीड मिनिट, गाजराचे काप दोन मिनिटे, मग तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात. भाजी टाकल्यावर मिनिटभरात पुन्हा उकळी आली नाही, तर भाजी जास्त झाली आहे. ही पायरी गाळली तर विकरे गोठणातही हळूहळू काम करत राहतात आणि भाजीला गवताचा वास येतो. पाणी नीट निथळून उणे १८ अंशांना ठेवावी. वाळवणीला ६० अंशांच्या आसपास ऊब पुरते. जास्त उष्णता दिली तर वरची कातडी आवळते आणि आत ओल अडकते. वाळलेली भाजी बरणीत दोन तृतीयांश भरून आठवडा-दहा दिवस रोज हलवावी. काचेला आतून दव दिसले, तर परत वाळवावी. जॅमबद्दल एकच: समुद्रसपाटीला १०४ ते १०५ अंशांवर ते घट्ट धरते आणि साखर साठ टक्क्यांच्या वर असते म्हणून टिकते. साखर निम्मी केलेले जॅम फ्रिजचे असते, कपाटाचे नाही. एकदम दुप्पट प्रमाणाने केले, तर आटायला जास्त वेळ लागतो, पेक्टिन मोडते आणि ते पातळच राहते.

जागेची अडचण समजते. पण एवढे सगळे दरवेळी छापायची गरज नाही. कृतीच्या शेवटी दोन ओळी पुरतील. उदाहरणार्थ: ‘मीठ एकूण वजनाच्या ३ टक्के, १८ ते २२ अंशांना तीन आठवडे, नंतर फ्रिजमध्ये, केसाळ किंवा रंगीत बुरशी आल्यास पूर्ण टाकावे.’ किंवा: ‘५ टक्के व्हिनेगर, पाणी तेवढेच, अर्ध्या लिटरची बरणी, फक्त फ्रिजमध्ये, एक महिना.’ लेखकाकडे हे आकडे नसतील तर त्यांना विचारावेत, आणि ‘अंदाजाने घालतो’ असे उत्तर आले, तर ती कृती आजच्या जेवणासाठी म्हणून छापावी, टिकवण्याचा दावा काढून टाकावा.

शिवाय वर्षातून एकदा, साठवणीचा हंगाम सुरू होण्याआधी, एक चौकट द्यावी: झाकण फुगले, उघडताना आतले जोराने उसळले, बरणी पाझरली, तर चाखू नये. खाल्ल्यानंतर काही तासांत किंवा काही दिवसांत एकाच्या जागी दोन दिसणे, पापण्या जड होणे, बोलताना जीभ अडखळणे, गिळायला त्रास होणे असे काही झाले, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे आणि काय खाल्ले ते सांगावे, कारण प्रतिविष जितक्या लवकर मिळेल तितका त्याचा उपयोग. पुरवणीतल्या कृती वाचक कापून वर्षानुवर्षे जपतात. म्हणून जुन्या अंकांत तेलातल्या लसणाची किंवा बरणीतल्या उकडलेल्या घेवड्याची कृती आली असेल, तर तिची दुरुस्ती त्याच पानावर, पदार्थाच्या नावासकट छापावी, म्हणजे जुन्या कात्रणाशेजारी ती चिकटवता येईल.

आपला,
परसबाग आणि घरगुती साठवण करणारा एक वाचक